इन्फ्रारेड पोर्ट आणि बॅटरीची बचत

जुन्या लॅपटॉपच्या किंवा हातसंगणकाच्या कडेला काळपट लाल प्लॅस्टिकची एक छोटी खिडकी दिसते. तिच्यामागे दोन घटक असतात: इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाश फेकणारा एलईडी आणि तो टिपणारा फोटोडायोड. टीव्हीच्या रिमोटमध्ये यांतला पहिला असतो आणि टीव्हीत दुसरा. संगणकात दोन्ही शेजारी शेजारी असल्याने बोलणे दोन्ही बाजूंनी होते. या बोलण्याचे नियम १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशनने ठरवले आणि संघटनेच्या आद्याक्षरांवरून ते ‘इर्डा’ या नावाने रूढ झाले. (भारतातल्या विमा नियामकालाही लोक बरीच वर्षे इर्डाच म्हणत, दोघांचे नाते आद्याक्षरांपुरतेच.) १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे लॅपटॉप, पाम, पॉकेट पीसी, नोकियाचे फोन आणि काही लेसर प्रिंटर यांवर ही खिडकी हमखास असे. ब्लूटूथ आणि वाय-फाय आल्यावर ती मागे पडली. तरीही पाणबुड्यांच्या मनगटावरचे काही डाइव्ह कॉम्प्युटर, धावपटूंची हृदयगती मोजणारी जुनी घड्याळे, प्रयोगशाळांतली काही उपकरणे यांतली माहिती बाहेर काढायला आजही तीच लागते. त्यासाठी एखादा जुना लॅपटॉप जपून ठेवलेला असतो आणि त्याची बॅटरी बहुधा अर्ध्या जिवाची झालेली असते. इन्फ्रारेड जोडणी चालू असताना ही बॅटरी कशाने उतरते आणि ती कशी वाचवता येते, हे समजायला आधी थोडे गणित करावे लागते.

वीज नेमकी कुठे जाते

पोर्ट प्रकाश फेकतो, तेव्हा वीज प्रकाशातच जात असणार, असा समज सहज होतो. लॅपटॉपपुरता तो चुकीचा आहे.

इर्डाच्या सर्वांत जुन्या, एसआयआर नावाच्या पद्धतीत संगणकाचा नेहमीचा सीरियल पोर्टच कामाला लावलेला असतो. प्रत्येक बाइटच्या पुढे एक आरंभ-बिट आणि मागे एक अंत-बिट असतो. शून्य पाठवताना एलईडी क्षणभर लुकलुकतो, एक पाठवताना अंधार राहतो. लुकलुकही पूर्ण बिटभर टिकत नाही, बिटच्या कालावधीच्या ३/१६ भागातच ती संपते. सेकंदाला १,१५,२०० बिट या एसआयआरच्या सर्वाधिक वेगाला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदांचा असतो आणि प्रकाशाचा स्पंद फक्त १.६३ मायक्रोसेकंदांचा. सरासरी बाइटमध्ये चार शून्ये आणि आरंभ-बिट मिळून पाच स्पंद होतात. म्हणजे पाठवणे अखंड चालू असले तरी एलईडी जेमतेम ९ टक्के वेळ पेटलेला असतो.

स्पंदाच्या क्षणी एलईडीतून काही शे मिलिअँपिअर प्रवाह जातो. हिशेबासाठी तो ४०० मिलिअँपिअर आणि पुरवठा ५ व्होल्टचा धरला, तर सरासरी खर्च सुमारे ०.१९ वॉट येतो. एक मेगाबाइटची फाइल या वेगाने जायला किमान ९१ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात एलईडीने खाल्लेली ऊर्जा होते सुमारे १७ ज्यूल. आता त्याच ९१ सेकंदांत पडदा, डिस्क, प्रोसेसर, पंखा असे सगळे मिळून लॅपटॉप १० वॉट घेत असेल, तर ९१० ज्यूल गेले. एलईडीचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत. इन्फ्रारेड जोडणीची खरी किंमत प्रकाशात नसून तो प्रकाश येण्या-जाण्याची वाट पाहत जागे राहणाऱ्या यंत्रात आहे.

रेडिओ जोडणीचेही हेच आहे. बर्कलीच्या मार्क स्टेम आणि रँडी कॅट्झ यांनी १९९७ मध्ये हातात मावणाऱ्या यंत्रांच्या नेटवर्क कार्डांची मोजमापे प्रसिद्ध केली. रिकामे ऐकत बसणे, प्रत्यक्ष घेणे आणि पाठवणे यांच्या खर्चाचे त्यांतून निघालेले १ : १.०५ : १.४ हे प्रमाण पुढे अनेकांनी उद्धृत केले. काही न करता नुसते कान टवकारून बसायलाही जवळजवळ काम केल्याइतकीच वीज लागते, असा त्याचा अर्थ. इन्फ्रारेडचा रिसीव्हर रेडिओइतका खादाड नसतो. एसआयआर मॉड्यूल शंभर मायक्रोअँपिअरच्या आसपास भागवते, तर जलद प्रकारचे मॉड्यूल काही मिलिअँपिअरपर्यंत जाते. पण त्याच्यामागे जागी राहणारी मंडळी, म्हणजे सीरियल चिप, ड्रायव्हर आणि प्रोसेसर, त्याहून कितीतरी पट वीज घेतात.

हातसंगणकाचे गणित थोडे वेगळे. १९९८ चा पाम थ्री दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो; त्याचा पडदा एरवी मागून उजळलेला नसतो, डिस्क नसते आणि सगळ्या यंत्राचीच भूक वॉटच्या लहानशा अंशाची असते. अशा ठिकाणी एलईडीचे ०.१९ वॉट चांगलेच जाणवतात. म्हणून पुढच्या सूचनांपैकी वेळ वाचवणाऱ्या सूचना लॅपटॉपला जास्त लागू पडतात, तर प्रकाश वाचवणाऱ्या हातसंगणकाला.

शोध आधी बंद करावा

दोन इर्डा यंत्रे आपोआप एकमेकांना ओळखतात, ती शोधामुळे. एक यंत्र ठरावीक वेळाने ‘कोण आहे?’ अशी हाक देते, हाकेनंतर १, ६, ८ किंवा १६ वेळखाने ठेवते आणि समोरचे यंत्र त्यांतला एखादा खाना निवडून उत्तर देते. ही देवघेव कायम सेकंदाला ९,६०० बिट या मंद वेगानेच होते, कारण समोरच्याला याहून जलद भाषा येते की नाही हे अजून कळलेले नसते. सहा खान्यांचा एक शोध साधारण अर्धा सेकंद चालतो. तो दर तीन सेकंदांनी होत राहिला, तर समोर कोणीही नसताना दिवसभर सहावा हिस्सा वेळ पोर्ट हाका मारण्यातच घालवतो आणि तेवढ्यांदा प्रोसेसरला झोपेतून उठवतो.

विंडोज ९५ आणि ९८ मधल्या इन्फ्रारेड मॉनिटरमध्ये हा शोध चालू ठेवण्याची एक चौकोनी खूण असते आणि किती सेकंदांनी शोधायचे तो आकडाही असतो. सुरुवातीला तो तीन असतो. खूण काढून टाकावी, किंवा निदान आकडा वाढवावा. जोडणी लागेल तेव्हाच पोर्ट चालू करणे हा सर्वांत चांगला मार्ग. लिनक्समध्ये इर्डा सुरू करणाऱ्या आज्ञेला शोधाचा पर्याय दिलाच नाही, तर यंत्र स्वतः हाक न मारता फक्त उत्तर देते. चालू झालेला शोध कर्नलच्या नेटवर्क सेटिंगमधून शून्य लिहूनही थांबवता येतो. (लिनक्सच्या कर्नलमधून इर्डा २०१८ मध्ये, ४.१७ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आले. इन्फ्रारेडसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर जुनीच आवृत्ती राहू द्यावी.) पामच्या सामान्य सेटिंगमध्ये ‘बीम रिसीव्ह’, म्हणजे इन्फ्रारेडवरून पाठवलेले घेणे, बंद करता येते, पॉकेट पीसीत येणारे सगळे बीम आपोआप घेण्याची खूण असते, तीही काढता येते. नोकियाच्या बऱ्याच फोनांत ही काळजी निर्मात्यानेच घेतली होती: पोर्ट चालू केल्यावर दोन मिनिटांत देवघेव सुरू झाली नाही, तर तो आपणहून बंद होई. इतका साधा उपाय लॅपटॉपवाल्यांना सुचू नये याचे नवल वाटते.

दोन यंत्रांपैकी एकानेच शोधले तरी पुरते. लॅपटॉप विजेच्या बोर्डाला लावलेला आणि समोरचा हातसंगणक सेलवर असेल, तर हाका लॅपटॉपने माराव्यात. इर्डाच्या नियमांत कमी विजेच्या यंत्रांसाठी याच्या उलट वाटही दिलेली आहे: यंत्र झोपलेले असते, काही सेकंदांनी क्षणभर उठून ‘मी इथे आहे’ एवढे सांगते, कोणी प्रतिसाद दिला तर ठीक, नाहीतर पुन्हा झोपते. प्रिंटरसारख्या, नेहमी वाट पाहणाऱ्या यंत्राला ही पद्धत सोयीची. मात्र ती ऐच्छिक असल्याने समोरच्या यंत्राला ती येत असेलच असे नाही.

शोध मंद वेगाने होत असल्याने आणखी एक बारकावा इथेच लक्षात घ्यावा. ९,६०० च्या वेगाला बिटच्या ३/१६ इतका स्पंद ठेवला, तर तो १९.५ मायक्रोसेकंदांचा होतो. नियम मात्र कोणत्याही वेगाला १.६३ मायक्रोसेकंदांचाच स्पंद वापरण्याची मुभा देतात आणि समोरच्या रिसीव्हरला तो ओळखता आलाच पाहिजे. एकच निरोप बाराव्या हिश्श्याच्या प्रकाशात जातो. ज्या ड्रायव्हरमध्ये किंवा बायोसमध्ये स्पंदाची रुंदी निवडता येते, तिथे १.६ मायक्रोसेकंद हाच पर्याय ठेवावा. सेलवरच्या यंत्रात याचा फायदा लगेच दिसतो.

जलद तेच स्वस्त

ओळख पटल्यावर दोन्ही यंत्रे आपापल्या क्षमता सांगतात आणि दोघांना जमेल असा सर्वांत मोठा वेग ठरतो. एसआयआरची मर्यादा १,१५,२०० बिट. त्यावरची पायरी ११.५२ लाख बिटांची आणि १९९५ च्या सुमारास आलेली एफआयआर पद्धत सेकंदाला ४० लाख बिटांची. तीच एक मेगाबाइटची फाइल एफआयआरने तत्त्वतः २.१ सेकंदांत जाते. वर धरलेल्या १० वॉटच्या लॅपटॉपचा खर्च ९१० ज्यूलवरून २१ वर येतो.

एफआयआरमध्ये एलईडी जास्त वेळ पेटतो, हे खरे. इथे प्रत्येक दोन बिटांसाठी ५०० नॅनोसेकंदांची एक जागा असते, तिचे चार भाग पाडलेले असतात आणि चारांपैकी नेमक्या कोणत्या भागात स्पंद आला यावरून ते दोन बिट कोणते ते कळते. म्हणजे २५ टक्के वेळ प्रकाश. शिवाय एफआयआरला एलईडीची तीव्रताही जास्त लागते: एसआयआरला मध्यावर किमान ४० मिलिवॉट प्रति स्टेरेडियन पुरते, तर एफआयआरला १०० लागते. पण बिटामागचा हिशेब मांडला की चित्र पालटते. एसआयआरमध्ये माहितीच्या एका बिटासाठी सरासरी १ मायक्रोसेकंद प्रकाश पडतो, एफआयआरमध्ये ०.०६२५ मायक्रोसेकंद. अडीचपट तीव्रता धरूनही एका बिटासाठी लागणारा प्रकाश सहा-सात पटींनी कमी. जलद वेगात घाईबरोबर काटकसरही होते, ती अशी.

स्पंदाच्या जागेवरून बिट ओळखण्याची ही युक्ती आणखी ताणता येते. १९९७ च्या पहिल्या ८०२.११ मानकात, म्हणजे ज्यातून पुढे वाय-फाय वाढले त्यात, रेडिओबरोबर इन्फ्रारेडचाही एक प्रकार होता. त्याच्या सेकंदाला १० लाख बिटांच्या वेगात चार बिटांसाठी सोळा जागा असत आणि त्यांतल्या एकाच जागी २५० नॅनोसेकंदांचा स्पंद. २० लाखांच्या वेगात तितकाच स्पंद फक्त दोन बिट नेई. म्हणजे तिथे उलट होते: मंद वेग एका बिटाला निम्म्याच प्रकाशात भागवी. तो प्रकार बाजारात रुजला नाही.

व्यवहारात पाहायचे ते असे. विंडोजच्या इन्फ्रारेड सेटिंगमध्ये वेगाला मर्यादा घालण्याची एक खूण असते. कधीतरी एखाद्या हट्टी फोनाशी जमेना म्हणून ती लावली जाते आणि तशीच राहते. मग पुढची प्रत्येक फाइल गोगलगायीच्या चालीने जाते. बायोसमध्येही पोर्टचा प्रकार एसआयआरवर ठेवलेला असू शकतो. एफआयआरवर नेताना त्याला डीएमए वाहिनी मिळाली आहे ना हे पाहावे. डीएमएमुळे माहिती प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत जाते. एसआयआर वापरण्यावाचून इलाज नसेल, तर निदान सीरियल पोर्टचा फिफो, म्हणजे बाइट साठवून ठेवणारी छोटी रांग, चालू असावा. तो बंद असेल तर प्रत्येक बाइटमागे एकदा, म्हणजे सेकंदाला ११,५२० वेळा प्रोसेसरला हाक जाते. १६ बाइटांचा फिफो १४ बाइट भरल्यावर हाक मारत असेल, तर हे ८२३ वर येते.

एफआयआरचा एक तोटा मान्य करावा लागतो: काही न करता ऐकत बसलेला एफआयआर रिसीव्हर एसआयआरपेक्षा जास्त वीज घेतो. त्यामुळे ज्या यंत्राला दिवसभर ऐकतच राहायचे आहे आणि दिवसातून दोन-चार शब्दच घ्यायचे आहेत, त्याला एसआयआर बरा.

मोठे घास

वेग ठरला तरी प्रत्यक्ष वेळ आणखी एका गोष्टीवर अवलंबून राहतो. इर्डामध्ये एका वेळी एकच बाजू बोलते. स्वतःच्या एलईडीच्या झोताने स्वतःचाच फोटोडायोड दिपतो आणि तो सावरायला थोडा वेळ लागतो. म्हणून बोलणे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये थांबावे लागते. हा थांबा यंत्रागणिक वेगळा असतो, शून्यापासून १० मिलिसेकंदांपर्यंत.

समजा दोन्ही यंत्रांचा थांबा १० मिलिसेकंदांचा आहे, एका फ्रेममध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, ६४ बाइट जातात आणि प्रत्येक फ्रेमनंतर पोच घेतली जाते. ४० लाखांच्या वेगाने ६४ बाइट ०.१३ मिलिसेकंदात निघून जातात आणि पुढचे २० मिलिसेकंद दोन्ही बाजू एकमेकींकडे पाहत बसतात. एक मेगाबाइटला साडेपाच मिनिटे. तेच फ्रेम २,०४८ बाइटांची आणि एका दमात सात फ्रेम असे ठरले, तर सगळे काम चार सेकंदांत उरकते. ६४ बाइट आणि एक फ्रेम ही इर्डातली किमान मर्यादा आहे. २,०४८ आणि सात ही कमाल. समोरच्या यंत्राला जमत असेल तिथवर या आकड्यांवर ड्रायव्हरमध्ये अडवणूक नसावी, एवढे पाहावे. एसआयआरमध्ये मात्र सातचा आकडा गाठता येत नाही. १,१५,२०० च्या वेगाला एक मोठी फ्रेम १७८ मिलिसेकंद घेते आणि एका बाजूने सलग ५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त बोलू नये असा नियम असल्याने दोनच फ्रेम बसतात.

मोठ्या फ्रेमची दुसरी बाजू अशी की एक बिट चुकला तरी सगळी फ्रेम टाकून पुन्हा पाठवावी लागते. प्रकाश स्वच्छ असेल तर चुका फार क्वचित होतात. तो तसा नसेल तर फ्रेम ५१२ बाइटांवर आणून पाहावी. थांब्यांचा हा जाच मुळातूनच कमी करण्यासाठी २००५ मध्ये इर्सिम्पल नावाची पद्धत आली. एनटीटी डोकोमो, शार्प, आयटीएक्स ई-ग्लोबलेज आणि वासेदा विद्यापीठ यांनी ती घडवली. तिच्या एका प्रकारात पाठवणारा पोच न घेताच सगळी फाइल एका दमात ओततो. जपानी फोनांत ती फोटो पाठवायला वापरली गेली. जुन्या लॅपटॉपला तिचा उपयोग नाही.

पाठवायची फाइल आधी दाबून लहान करावी का, हा प्रश्नही इथलाच. मजकुराची किंवा मोजमापांच्या नोंदींची फाइल सहसा निम्म्याहून लहान होते. एसआयआरवर ते सरळ फायद्याचे: प्रोसेसरचे काही सेकंद खर्चून पाऊण-एक मिनिट वाचते. एफआयआरवर वाचणारा वेळच इतका थोडा असतो की खटाटोप व्यर्थ. फोटो आधीच दाबलेले असतात. त्यांना हात लावू नये.

रिकामी जोडणी

जोडणी झाल्यावर दोन यंत्रांपैकी एक प्रमुख होते, दुसरे दुय्यम. सांगण्यासारखे काही नसले तरी प्रमुखाला दुय्यमाची विचारपूस करत राहावे लागते, कारण दोघांपैकी कोणीही ५०० मिलिसेकंदांहून अधिक काळ बोलणे स्वतःकडे ठेवू शकत नाही. ‘काही आहे?’ ‘नाही.’ ‘काही आहे?’ ‘नाही.’ असे सेकंदाला निदान एक-दोनदा. प्रकाश नगण्य जातो, पण प्रोसेसरला गाढ झोप लागत नाही. काम संपले की जोडणी तोडावी, हे त्यामुळेच. सर्वांत जास्त खर्च होतो तो मोबाइल फोन मोडेम म्हणून वापरताना: पान वाचण्यात पाच मिनिटे गेली तरी इन्फ्रारेड जोडणी आणि फोनचा कॉल दोन्ही जिवंत राहतात. मजकूर एकदम उतरवून घ्यावा, कॉल तोडावा, मग वाचावे. इन्फ्रारेडवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी इर्लॅन पद्धत बॅटरीच्या दृष्टीने आणखी वाईट, कारण त्या नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांचा सामूहिक कोलाहल या अरुंद वाटेने लॅपटॉपपर्यंत येत राहतो.

समोरचे यंत्र अचानक उचलून नेले, तर प्रमुख किती वेळ हाका मारत राहील, हेही आधी ठरते: ३ सेकंदांपासून ४० सेकंदांपर्यंत. फाइली पाठवण्यासाठी लहान आकडा पुरतो. प्रिंटरपुढून लोकांची ये-जा असेल तर १२ सेकंद ठेवावेत. नाहीतर कोणी आड आले की जोडणी तुटून सगळे पहिल्यापासून करावे लागते, आणि ते जास्त महाग.

अंतर, कोन, ऊन

पुन्हा पाठवावी लागलेली प्रत्येक फ्रेम म्हणजे दुप्पट खर्च. म्हणून यंत्रे नीट ठेवणे हा बचतीचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. इर्डाचा झोत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांपर्यंत हमखास काम देतो. एक मीटरवर याचा अर्थ सुमारे अर्ध्या मीटर व्यासाचे वर्तुळ, ३० सेंटिमीटरवर १६ सेंटिमीटरचे. दोन्ही खिडक्या एका पातळीवर, समोरासमोर, वीस-तीस सेंटिमीटरवर ठेवाव्यात. अंतर निम्मे केले की पोचणारा प्रकाश चौपट होतो. अगदी चिकटवून मात्र ठेवू नये. रिसीव्हर दिपू शकतो.

कमी अंतरावर एलईडीचीही वीज वाचते का? बहुतेक लॅपटॉपांत नाही, कारण त्यांचा एलईडी अंतर न पाहता ठरलेल्या जोराने पेटतो. काही मॉड्यूलांत जोर कमी करण्याच्या पायऱ्या असतात. बॅटरीवरच्या लहान यंत्रांसाठी इर्डाने कमी विजेचा वेगळा प्रकारच ठरवला: ४० ऐवजी ३.६ मिलिवॉट प्रति स्टेरेडियन, म्हणजे अकरावा हिस्सा. असे यंत्र त्याच जातीच्या यंत्राशी २० सेंटिमीटरपर्यंत बोलते आणि अधिक तीक्ष्ण रिसीव्हरच्या लॅपटॉपशी ३० पर्यंत. फोन अर्ध्या मीटरवरून लॅपटॉपला ओळखत नाही म्हणून तो बिघडला असे समजण्याआधी हे आठवावे.

ऊन हा इन्फ्रारेडचा मोठा वैरी. खिडकीचे गडद प्लॅस्टिक दिसणारा प्रकाश अडवते, पण उन्हातला अवरक्त भाग आत येतोच. इर्डाच्या कसोटीत पोर्टवर १०,००० लक्सपर्यंतच्या सूर्यप्रकाशात जोडणी टिकावी अशी अपेक्षा आहे; भर दुपारचे थेट ऊन याच्या दहापट असते. गच्चीवर किंवा नावेच्या डेकवर बसून माहिती उतरवायची असेल, तर दोन्ही पोर्टांवर निदान वहीची सावली तरी धरावी. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबलाइटचा त्रास वेगळा: त्या सेकंदाला हजारो वेळा लुकलुकतात आणि जवळ असल्या तर रिसीव्हरला गोंधळात पाडतात. आणि खिडकी पुसावी. बॅगेत वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या प्लॅस्टिकवर बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांचा थर असतो. मऊ, किंचित ओलसर कापड पुरते.

बाहेरून जोडलेले पोर्ट

ज्या लॅपटॉपमध्ये पोर्ट नाही त्याला सीरियल किंवा यूएसबी अडॅप्टर लावतात. सीरियल अडॅप्टरांपैकी बरेच सीरियल पोर्टच्याच दोन नियंत्रण-तारांवरून वीज घेतात. पोर्ट बंद झाला की तेही विझतात, त्यामुळे बचत आपोआप होते. यूएसबीचे तसे नाही. अडॅप्टर स्वतः थोडीच वीज घेतो, पण जुन्या यूएसबी नियंत्रकांना जोडलेल्या उपकरणासाठी मेमरीत सतत ये-जा करावी लागते, आणि ती चालू असेपर्यंत प्रोसेसर सी-थ्री नावाच्या गाढ झोपेत उतरू शकत नाही. म्हणजे इन्फ्रारेडचा एकही बिट न जाता लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते. वापर झाला की यूएसबी अडॅप्टर काढून ठेवावा. आतला पोर्ट कधीच लागत नसेल तर तो बायोसमध्येच बंद करावा. त्याने अडवलेला इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक देण्याची वाट, हाही मोकळा होतो.

देवघेव चालू असताना लॅपटॉपच्या बाकीच्या भुकेकडेही पाहता येते. एसआयआरच्या दीड मिनिटात पडद्याचा उजेड कमी केला, तर एलईडीवर करता येईल त्या कोणत्याही उपायापेक्षा जास्त ऊर्जा वाचते. झाकण मात्र मिटू नये. बहुतेक लॅपटॉप त्याने झोपतात, जोडणी तुटते आणि अर्धी गेलेली फाइल पहिल्यापासून पाठवावी लागते.

थकलेल्या सेलवरच्या यंत्रांत एक वेगळीच गंमत दिसते: एरवी ठीक चालणारा हातसंगणक बीम करताच बंद पडतो. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, आणि स्पंदांसाठी अचानक ओढल्या गेलेल्या प्रवाहाने व्होल्टेज क्षणभर कोसळते. एलईडीजवळचा कपॅसिटर हे धक्के सोसायला ठेवलेला असतो, पण लांबलचक फाइल पाठवताना तोही पुरा पडत नाही. अशा वेळी सेल बदलून मगच पाठवावे. यंत्राची मेमरी सेलवरच टिकत असेल तर नवा सेल हाताशी ठेवूनच जुना काढावा आणि बदल झटपट करावा.

डाइव्ह कॉम्प्युटर किंवा हृदयगतीचे घड्याळ यांतला सेल बहुधा नाण्याच्या आकाराचा असतो आणि तो बदलायला कधी कधी यंत्र दुकानात द्यावे लागते. म्हणून तिथे क्रम पाळावा. आधी लॅपटॉपवर उतरवण्याचा प्रोग्राम उघडावा, पोर्ट चालू करावा, यंत्रे सावलीत समोरासमोर ठेवावीत. सगळे तयार झाल्यावर शेवटी घड्याळाच्या मेनूतून इन्फ्रारेड चालू करावे. माहिती आली आणि फाइल उघडून पाहिली की आधी घड्याळाचा पोर्ट बंद करावा, नंतर लॅपटॉपचा.